कणकेचा अलंकार आणि नाताळची भेट

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाच्या बांधणीचा, आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा आणि उदार हातांनीं दिलेल्या देणग्यांचा वृत्तान्त यावा हें योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाचें जीवन केवळ देवळांत चालत नसतें. तें चुलीपाशींही चालतें. नाताळापूर्वीं घरोघर परात पुढें ओढून जी कणीक मळली जाते, तिच्या गोळ्यांतून जीं फुलें, पांखरें व शंख उठतात, आणि मग रुमालानें झांकलेलें ताट घेऊन जें पोर शेजारच्या दारीं उभें राहतें, त्या सर्वांना इतिहास आहे. तो इतिहास देवळाच्या इतिहासाहून निराळा नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय आम्हीं निवडला ह्यास कारण आहे. अलीकडे घरची परात मागें पडत चालली असून तिच्या जागीं दुकानांतला बांधलेला डबा व प्लास्टिकची चांदणी आली आहे. ह्याविषयीं बोलणें निघालें कीं दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला असा कीं, बाजारांत सर्व कांहीं तयार मिळत असतां हा खटाटोप कशासाठीं करावा? दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे व तो बहुधा वडीलधाऱ्या मंडळींकडून येतो. तो असा कीं, गव्हाचें पीठ हें देवाचें अन्न; त्याचीं खेळणीं व शोभेच्या वस्तु करणें हा अन्नाचा अपमान नव्हे काय? ह्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर केवळ उपदेशानें देण्यापेक्षां इतिहासास विचारावें, हें आम्हांस अधिक बरें वाटतें.

१. ठसा कोणाचा?

'बेथलेहेम' ह्या इब्री नांवाचा अर्थच 'भाकरीचें घर' असा आहे. ज्यानें पुढें स्वतःस जीवनाची भाकर म्हटलें, तो भाकरीच्या घरीं जन्मास आला व जनावरांच्या चाऱ्याच्या गव्हाणींत निजविला गेला. ही गोष्ट ख्रिस्ती मनानें प्रारंभापासून जपून ठेविली आहे. अनेक दाणे दळले जाऊन जसा एक गोळा होतो, तशी अनेक माणसांची मिळून एक ख्रिस्तसभा होते, हा दृष्टान्तही आरंभींच्या शतकांतील ख्रिस्ती लोकांच्याच तोंडचा आहे.

कणकेवर ठसा उठविण्याची युक्ति मात्र ख्रिस्ती लोकांनीं शोधून काढलेली नव्हे. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरांत एक जळून कोळसा झालेला पाव सांपडला असून त्यावर ठसा स्पष्ट दिसतो. तो पाव कोणाच्या घरचा, हें त्या ठशांतील अक्षरें सांगतात. ठसा मालकीचा होता. ख्रिस्ती लोकांनीं हीच युक्ति उचलली, पण तिचा अर्थ फिरविला. पूर्वेकडील ख्रिस्तसभांत वेदीसाठीं केलेल्या खमिराच्या भाकरीवर लांकडी ठशानें क्रूस व ख्रिस्तनामाचीं अक्षरें उठवितात. आणि त्या भाकरीचा जो भाग अर्पिला जात नाहीं, तो उपासनेच्या शेवटीं लोकांस वांटून देतात. भाकर कोणाच्या मालकीची हें सांगणारा ठसा आतां ती कोणाच्या नांवानें वांटावयाची हें सांगूं लागला. आमच्या मतें कणकेच्या अलंकाराचा सर्व इतिहास ह्या एका पालटांत सांठविलेला आहे.

अशी भाकर दूरदेशींही जात असे. इ. स. ३९५ च्या सुमारास इटलींतील नोला येथील संत पाउलिनस ह्यांनीं आफ्रिकेंतील हिप्पो नगरींत राहणाऱ्या संत ऑगस्टीन ह्यांस पत्र लिहिलें व पत्रासोबत एक भाकर पाठविली. दोघांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नव्हतें. मध्यें समुद्र होता. पाउलिनस हे मोठ्या घराण्यांतील व अपार संपत्तीचे धनी असून त्या संपत्तीचा त्याग करण्यास त्यांनीं आरंभ केला होता. ज्यास सोनें पाठवितां आलें असतें, त्यानें भाकर पाठविली; ती ऐक्याची खूण समजून घ्यावी आणि घेऊन तिला आशीर्वाद द्यावा, एवढीच त्यांची विनंति होती. अशा भाकरीस ग्रीक भाषेंत 'युलोगिया', म्हणजे आशीर्वाद, असें म्हणत. फ्रान्स देशांत तर कित्येक शतकें रविवारच्या मिस्सेच्या वेळीं धर्मग्रामांतील कुटुंबें आळीपाळीनें अशी भाकर आणीत, धर्मगुरु तिला आशीर्वाद देत आणि तिचे तुकडे टोपल्यांतून सर्वांस वांटले जात. ही भाकर म्हणजे परमपवित्र साक्रामेंत नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वेदीवरील भाकरीची ती जणूं धाकटी बहीण होय, आणि वेदीपासून घरापर्यंतची वाट तिनेंच दाखविली.

२. चकती झाडावर कशी चढली

पश्चिमेकडील आपल्या ख्रिस्तसभेंत मिस्सेसाठीं बेखमीर भाकर रूढ झाली. ती करण्याचें हत्यार म्हणजे लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा. त्याच्या टोंकांस दोन सपाट तबकड्या असतात. त्यांमध्यें पीठपाण्याचें पातळ मिश्रण घालून चिमटा विस्तवावर धरला म्हणजे कागदासारखी पातळ चकती तयार होते, आणि तबकडीवर कोरलेला क्रूस किंवा कोंकरा तिजवर जसाचा तसा उमटतो. अशाच चिमट्यांनीं पुढें सणावारीं गोड चकत्याही होऊं लागल्या.

मध्ययुगांत २४ डिसेंबर हा दिवस आपले आदि मातापिता आदाम व एवा ह्यांच्या स्मरणाचा मानीत. जर्मन मुलखांत त्या सुमारास आदिपापाचीं नाटकें होत. भर हिवाळ्यांत हिरवें राहणारें झाड म्हणून सुरूसारख्या झाडास सफरचंदें बांधून तें रंगभूमीवर उभें करीत. हाच एदेन बागेंतील वृक्ष. पुढें हें झाड घरांत आलें. सन १६०५ मधील एका वर्णनांत, स्ट्रासबुर्ग नगरांतील लोक नाताळाच्या वेळीं आपल्या दिवाणखान्यांत असें झाड उभारतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदें, पातळ चकत्या, सोनेरी वर्ख व साखर टांगतात, असें नमूद आहे. ख्रिस्तजन्माच्या शृंगारलेल्या झाडाच्या अगदीं जुन्या वर्णनांपैकीं हें एक होय. विशेष हें कीं, त्या काळीं तें नगर प्रोटेस्टंट पंथाकडे गेलेलें होतें, तरीही सफरचंदाच्या शेजारीं चकती टिकून राहिली. एका फळानें माणूस पडला व एका भाकरीनें तो उठला, असा ह्या जोडीचा अर्थ भाविक लोक लावीत आले आहेत; आणि पांच वर्षांच्या मुलासही समजेल असा दुसरा धर्मपाठ आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

कालांतरानें ह्या चकत्यांच्या जागीं भाजलेल्या गोड कणकेचे तारे, हृदयें व देवदूत आले. आज दुकानांत जे रंगीत कांचेचे गोळे मिळतात, ते ह्या कुळांतले फार उशिरांचे वंशज होत.

३. साच्यांतील कोंकरा आणि सम्राटाचें तोंड

कणकेवर चित्र उठविण्याची कला जर्मनी व स्वित्झर्लंड ह्या देशांत विशेष भरास आली. तेथें 'श्प्रिंगर्ले' नांवाचीं बिस्किटें करतात. अंडीं, बारीक साखर, मैदा आणि विलायती बडीशेप ह्यांची घट्ट कणीक लाटून तिजवर लांकडांत कोरलेला साचा दाबतात व तुकडे कापून सुमारें एक दिवस तसेच सुकत ठेवितात. वरचा पापुद्रा सुकला म्हणजे मंद आंचेवर भाजतात. त्यामुळें बिस्किट खालून फुगतें, पण वरचें चित्र मोडत नाहीं. हें एक दिवस थांबणेंच त्या कलेचें रहस्य होय. ज्यास घाई आहे त्याचें चित्र पुसलें जातें. ह्या जातीचा सर्वांत जुना ज्ञात साचा स्वित्झर्लंडमधील विल येथील संत कातरीना हिच्या मठांतला असून तो चौदाव्या शतकांतला आहे. झूरिक येथील राष्ट्रीय संग्रहालयांत तो जतन केलेला आहे. त्या वाटोळ्या साच्यावर पास्काचा कोंकरा कोरलेला आहे. मठांतील स्त्रियांच्या स्वयंपाकघरीं हा साचा असावा व त्यावर कोंकरा असावा, ह्यांत नवल नाहीं.

न्युरेंबर्ग नगराची गोष्ट निराळी. त्या नगराभोंवतींच्या अरण्यांत मध मुबलक होता आणि व्यापारी मार्गांनीं तेथें दालचिनी, लवंग, वेलदोडा वगैरे मसाले येत. त्यांतले कित्येक आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून गेलेले असत. ह्या मधामसाल्यांच्या भाजलेल्या पदार्थास 'लेबकुखेन' म्हणतात. तो चिकटूं नये म्हणून त्याच्या खालीं पुष्कळदां पीठपाण्याची तीच पातळ चकती ठेवितात. म्हणजे जुनी सोयरीक येथेंही सुटलेली नाहीं. सन १६४३ मध्यें ह्या कारागिरांचा तेथें स्वतंत्र संघ स्थापन झाला. त्याआधीं, सन १४८७ मध्यें, सम्राट तिसरा फ्रेडरिक ह्यानें त्या नगरांतील हजारों मुलांस बोलावून आपल्या तसबिरीचा ठसा असलेले लेबकुखेन वांटले, असें सांगतात. मुलांनीं तें सम्राटाचें तोंड मोठ्या आवडीनें खाऊन टाकलें असेल. पण ह्या गोष्टींत ठसा पुनः हर्क्युलेनियमच्या पावासारखा झाला, म्हणजे देणाऱ्याचें नांव गाजविणारा झाला. आपणही जेव्हां भेटीच्या डब्यावर आपलेंच नांव मोठ्या अक्षरांत छापून घेतों, तेव्हां आपला साचा विलचा कीं सम्राटाचा, हें मनाशीं विचारून पाहावें.

४. पत्रांतून गेलेली भाकर

पोलंड देशांतील चाल आम्हांस सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. तेथें नाताळासाठीं पीठ व पाणी एवढ्याचीच बेखमीर चकती करतात. तिला 'ओप्लातेक' म्हणतात व तिजवर ख्रिस्तजन्माचें चित्र असतें. पूर्वीं देवळांतील ऑर्गन वाजविणारे आगमनकाळांत ह्या चकत्या भाजून धर्मग्रामांत घरोघर पोंचवीत. २४ डिसेंबरच्या संध्याकाळीं पहिली चांदणी दिसली म्हणजे घरांतील माणसें एकेक चकती हातीं घेतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या चकतीचा तुकडा मोडून खातो. ह्याच वेळीं परस्परांस आशीर्वाद व क्षमा दिली जाते. त्यानंतर जेवण. गोठ्यांतील गुराढोरांसाठीं रंगीत चकत्या निराळ्या ठेवीत. कारण प्रभूच्या जन्माचे पहिले साक्षी तेच.

ह्याच रंगीत चकत्या कापून पोलंडमधील खेडूत एक अलंकारही करीत. अर्धगोल तुकडे एकमेकांत बसवून व ओलसर करून चिकटविले कीं हलका गोळा तयार होई. तो छतास टांगलेल्या हिरव्या फांदीस बांधीत. त्याचें नांव 'श्व्यात', म्हणजे 'जग'. ज्यांच्या घरीं कांच नव्हती, सोनें नव्हतें, त्यांनीं वेदीच्या भाकरीच्या बहिणीपासून सबंध जग घडविलें व तें आपल्या मेजावर टांगलें!

सन १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंडचें राज्यच नकाशावर नव्हतें. तीन शेजाऱ्यांनीं तें वांटून घेतलें होतें. असंख्य लोक परदेशीं गेले. तेव्हां घरची माणसें पत्राच्या घडींत चकती घालून पाठवीत. ती कागदासारखी हलकी, म्हणून टपालानें जाई. वाटेंत मोडली तरी बिघडत नसे, कारण ती मोडण्यासाठींच होती. संत पाउलिनस ह्यांनीं समुद्रापलीकडे पाठविलेल्या भाकरीची आठवण येथें कोणास होणार नाहीं?

हे लोक आपणांस अगदींच परके नव्हेत. दुसऱ्या महायुद्धांत घरांतून उखडले जाऊन सोव्हिएत मुलखांत हद्दपार झालेल्या पोलिश लोकांपैकीं सुमारें पांच हजार जण कोल्हापुराजवळील वळिवडे येथील छावणींत सन १९४३ पासून १९४८ पर्यंत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं. तेथें त्यांच्या शाळा होत्या, त्यांचें देऊळ होतें. ज्यांच्या सणाचा आरंभच भाकर मोडून क्षमा मागण्यानें होतो, अशा लोकांनीं आपल्या मराठी भूमीवर पांच नाताळ काढले, ही गोष्ट आपल्या मुलांस सांगण्याजोगी आहे.

५. गरीब आणि मृत

आतांपर्यंत पाहिलेली भेट आप्तांस दिलेली आहे. पण ज्यांच्याकडून परत कांहीं येणार नाहीं, त्यांसही ही कणीक पोंचते. त्याचीं दोन उदाहरणें देतों.

सिसिली बेटांतील सालेमी गांवीं १९ मार्च रोजीं संत जोसेफ ह्यांचा सण होतो. त्यासाठीं हिरव्या फांद्यांचा मंडप घालून वेदी उभारतात व ती संत्रीं, लिंबें आणि कणकेच्या शेंकडों लहानलहान पावांनीं मढवितात. हे पाव म्हणजे कोरीव कामच. सूर्य, चंद्र, मोर, मासे, फुलें, आणि त्यांच्या जोडीला संत जोसेफ ह्यांचीं सुतारी हत्यारें, म्हणजे हातोडा, करवत व शिडी, हीं सर्व कणकेचीं. गांवच्या बायका कित्येक दिवस आधीं एकत्र बसून सुरी, कात्री, फणी अशा घरगुती साधनांनीं हीं घडवितात. परंतु ह्या सर्व शोभेच्या केंद्रस्थानीं एक मेज असतें. पवित्र कुटुंब म्हणून बोलावलेल्या तिघांस, बहुधा गरिबांस किंवा मुलांस, तेथें बसवून यजमान त्यांस आपल्या हातानें वाढतात. अलंकार भिंतीवर, अन्न गरिबांच्या मुखीं. दोन्ही एकाच कणकेचीं. सिसिलीचे लोक अमेरिकेंत गेले तेव्हां ही चाल त्यांनीं न्यू ऑर्लीन्स नगरांतही नेली.

दुसरें उदाहरण दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशाचें. तेथें २ नोव्हेंबर रोजीं, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, कणकेचीं बाळें भाजतात; त्यांस 'गुआगुआ दे पान', म्हणजे 'पावाचें बाळ', म्हणतात. जांभळ्या मक्याच्या पिठाचें दाट पेय करून त्यासोबत तीं खातात आणि मृतांच्या आठवणीसाठीं दफनभूमींतही नेतात. राजधानी कीतो हिच्या जवळील काल्देरोन नांवाच्या गांवांतील लोक अशा बाहुल्यांत निष्णात. त्या कलेंतून तेथें एक नवा धंदा निघाला. पीठ, सरस व रंग ह्यांच्या कणकेपासून न खाण्याच्या चिमुकल्या मूर्ति, गव्हाणीचे देखावे आणि नाताळच्या झाडाचे अलंकार तेथील कुटुंबें करूं लागलीं, आणि त्या देशोदेशीं विकल्या जातात. प्रारंभीं मृतांसाठीं मळलेल्या कणकेनें जिवंतांच्या पोटास भाकर दिली. बाजार सर्वथा वाईट नव्हे, हें ह्यावरून ध्यानांत यावें. गरीब कारागिराच्या हातची वस्तु योग्य मोल देऊन घेणें, हीही एक भेटच होय.

६. आपली परात

आतां आपल्या घरीं येऊं. गहूं हें आपल्या कोंकणपट्टीचें रोजचें अन्न नव्हे. येथें तांदुळाचा भात व तांदुळाचीच भाकरी. 'पाव' हा शब्दही आपणांस पोर्तुगीजांकडून मिळाला. सन १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई त्यांच्या ताब्यांत होती आणि त्या दोन शतकांत धर्माबरोबर भट्टीही आली. गहूं दुर्मिळ, म्हणूनच गव्हाच्या कणकेचा पदार्थ सणाचा ठरला.

वसई, मुंबई, गोवें व मंगळूर येथील ख्रिस्ती घरांतील कुलकुल हें ह्याचें उत्तम उदाहरण. मैदा किंवा रवा, अंडें, नारळाचें दूध ह्यांची कणीक मळून तिच्या बोराएवढ्या गोळ्या करावयाच्या. प्रत्येक गोळी स्वच्छ फणीच्या दातांवर किंवा कांट्याच्या पाठीवर दाबून पसरावयाची व हलकेच गुंडाळून सोडवावयाची, म्हणजे रेघारेघांचा लहानसा शंख तयार होतो. मग तो तळून साखरेंत घोळवितात. हें काम एकट्यानें उरकत नाहीं. आजी कणीक मळते, आई तळते, आणि बाकीचें सगळें घर शंख वळीत बसतें. कोणाचा शंख वांकडा, कोणाचा चपटा, हें ताटांत ओळखूं येतें. आपल्या घरांतला साच्याशिवायचा ठसा तो हाच.

हे शंख एकट्यानें खावयाचे नसतात. पोर्तुगीज भाषेंत 'कोन्सुआदा' म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचें जेवण. पण गोव्यांत आल्यावर त्या शब्दाचा अर्थ फिरला, आणि शेजारीपाजारीं पाठविण्याचें गोडाचें ताट, असा तो झाला. घरांतल्या जेवणाचा शब्द देण्याघेण्याचा शब्द व्हावा, हें आपल्या भूमीचें पुण्य होय. त्या ताटांत नेवरी असते. ती म्हणजे आपल्या हिंदु शेजाऱ्यांची करंजीच. दिवाळींत त्यांच्या घरचें ताट आपल्या दारीं येतें, नाताळांत आपलें त्यांच्या दारीं जातें. दोन्ही ताटांत तीच करंजी. त्यांच्या घरीं दिव्यांच्या अवसेस कणकेचे गोड दिवे उकडतात, हेंही आपणांस ठाऊक आहे. कणकेस आकार देऊन तिला प्रकाशाची खूण करण्याची बुद्धि ह्या भूमीस परकी नाहीं. आणखी एक चाल लक्षांत घ्यावी. ज्या घरीं वर्षांत मृत्यु झाला असेल तेथें सणाचें तळण करीत नाहींत. शेजारीच फराळ आणून देतात. म्हणजे ज्याच्या चुलीवर सण नाहीं, त्याच्या घरीं सण दुसऱ्याच्या परातींतून येतो.

७. दोन प्रश्नांचें उत्तर

आतां आरंभींच्या प्रश्नांकडे वळूं. बाजारांत सर्व मिळत असतां हा खटाटोप कशाला? इतिहास उत्तर देतो कीं, ही वस्तु मिळविण्यासाठीं कधींच नव्हती. ती देण्यासाठीं होती. श्प्रिंगर्लेचा एक दिवस, सालेमीच्या बायकांचे कित्येक दिवस, कुलकुलांची एक सबंध संध्याकाळ, हाच त्या भेटीचा खरा भाग होय. डब्यांतून मिठाई जाते. ताटांतून घरच्या माणसांचा वेळ जातो. ज्यास पैसा थोडा आहे, त्याच्याजवळही हें देणें असतें, आणि म्हणून ह्या भेटीपुढें श्रीमंत व गरीब एका ओळींत उभे राहतात. आपल्या धर्मग्रामांत बाजारची भेट परवडत नाहीं म्हणून सणाच्या दिवशीं कोणाच्या दारीं जाण्यास संकोचणारीं कुटुंबें आहेत. त्यांचा संकोच दूर करावयाचा असेल, तर सधन घरांनीं आधीं परात पुढें ओढली पाहिजे.

अन्नाचें खेळणें करावें काय? ज्या देशानें १९४३ सालचा बंगालचा दुष्काळ पाहिला, त्या देशांत हा प्रश्न हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. आम्ही वडील मंडळींच्या ह्या शंकेचा आदर करतों, आणि इतिहासावरून तीन नियम सुचवितों. एक, बहुतेक कणीक खाण्याचीच असावी; न खाण्याच्या अलंकारासाठीं वाटी दोन वाट्यांहून अधिक पीठ घेऊं नये, आणि घरांत जुनें होऊन खाण्याच्या उपयोगाचें न राहिलेलें पीठ असेल तर तेंच घ्यावें. दोन, जेवढें पीठ अलंकारास घेतलें, निदान तेवढेंच चांगलें पीठ गरजूंसाठीं बाजूस काढावें. मुष्टिफंडाची मूठ काढण्याची रीत आपल्या वाडवडिलांस ठाऊक होती. तीन, केलेला अलंकार आपल्याच भिंतीवर मिरवूं नये. तो कोणास तरी द्यावा. हे तीन नियम पाळले तर अन्नाचा अपमान होत नाहीं, त्याचा मान वाढतो.

ज्या मुलांस असे अलंकार करावयाचे असतील त्यांच्यासाठीं कृति सोपी आहे. दोन वाट्या मैदा व एक वाटी बारीक मीठ एकत्र करून त्यांत थोडें थोडें पाणी घालावें; तें एका वाटीहून कांहींसें कमीच लागतें. गोळा गुळगुळीत होईपर्यंत दहा मिनिटें मळावा, पाव इंच जाडीचा लाटावा व त्यांतून चांदणी, मासा, कबूतर, गव्हाण असे आकार कापावे. टांगण्यासाठीं काडीनें भोंक ओलेपणींच पाडावें. भट्टीची सोय असल्यास सुमारें १२० अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेवर दोन तीन तास सुकवावें. नसल्यास कडक उन्हांत उलटसुलट करून कांहीं दिवस ठेवावें. पुरतें सुकल्यावर रंग द्यावा आणि दोन्ही बाजूंस रोगण लावावें. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून आपल्या दमट हवेंत रोगणाशिवाय हे अलंकार मऊ पडतात. पावसाळ्यापूर्वीं ते झांकणाच्या डब्यांत बंद करावे. ह्या कणकेंत मीठ फार असल्यामुळें ती खाणें अपायकारक आहे. तान्ह्या मुलांपासून व घरच्या कुत्र्यापासून ती दूर ठेवावी. मागच्या बाजूस करणाऱ्याचें नांव घालूं नये. ज्यास द्यावयाचा त्याचें नांव व वर्ष कोरावें. असें केल्यानें ठसा मालकीचा न राहतां प्रीतीचा होतो.

'ज्युबिली' हा शब्द ज्या इब्री शब्दावरून आला, त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग असा आहे. तें शिंग फुंकलें कीं इस्राएल लोकांत दास मुक्त होत आणि विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई. ज्युबिलीचें वर्ष म्हणजे मूठ उघडण्याचें वर्ष. आमची धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबास प्रेमाची विनंति आहे कीं, येत्या नाताळांत घरांत एकदां तरी सर्वांनीं मिळून कणीक मळावी आणि तिच्यांतून एक ताट व एक अलंकार अशा घरीं पोंचवावा, जेथें एरवीं कोणी जाणार नाहीं: एकट्या म्हाताऱ्याकडे, अंथरुणास खिळलेल्या आजाऱ्याकडे, नुकतें दुःख झालेल्या घरीं, किंवा ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे अशा भावाकडे. पोलंडचे लोक चकती मोडतांना क्षमा मागतात. आपणही ताट पुढें करतांना ती मागावी.

बेथलेहेमच्या गव्हाणींत निजलेला बाळ येशू, जो स्वतःच आपणां सर्वांसाठीं भाकर झाला, तो आपल्या घराघरांतील परातींस व त्यांत राबणाऱ्या हातांस आशीर्वाद देवो.